फडाचें नांव कोणाचें?

जुन्नरहून पश्चिमेस नाणेघाटाकडे जाणाऱ्या जिज्ञासूस घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत एक विलक्षण देखावा दिसतो. सातवाहन राजकुळांतील स्त्रीपुरुषांच्या मूर्ति तेथें ओळीनें कोरलेल्या होत्या. आज त्या मूर्ति नाहींत. पायांच्या अस्पष्ट खुणांपलीकडे त्यांतलें फारसें कांहीं उरलें नाहीं. मात्र त्यांच्या डोक्यावर कोरलेलीं नांवें अद्याप वाचतां येतात. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्री सातकर्णि हीं नांवें सुमारें २००० वर्षें त्या कातळावर टिकून आहेत. मनुष्य गेला, मूर्ति गेली आणि नांव राहिलें. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत ह्याच्याच जोडीची दुसरी गोष्ट आढळते. तेथील दानलेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांसारांच्या आणि धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. धर्मकार्यासाठीं ठेवावयाची ठेव दाते ह्या श्रेणींपाशीं ठेवीत. माणूस आज आहे, उद्यां नाहीं. परंतु श्रेणी आपल्या नांवास जागेल, असा त्यांचा विश्वास असला पाहिजे. नांव म्हणजे पत, हा सिद्धांत ह्या मुलुखास नवा नाहीं.

ह्या जुन्या लेखांची आठवण आम्हांस झाली ती मात्र राजांमुळें नव्हे, तमाशामुळें. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव हें मीना नदीकांठचें, पुणें-नाशिक रस्त्यावरचें गांव; तमाशाची पंढरी म्हणून तें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. चैत्र-वैशाखांत गांवोगांव जत्रा भरतात, आणि त्यांसाठीं गांवची पंचमंडळी येथें येऊन फड ठरवितात. ह्या ठरावास सुपारी म्हणतात. कोणत्या तिथीस, कोणत्या गांवीं, किती रकमेस खेळ करावयाचा हें ठरून इसाराची देवघेव झाली, कीं सुपारी पक्की झाली. येथें आधीं खेळ पाहून मग फड पसंत करावा अशी सोय नसते. राहुटीबाहेर पाटी असते आणि पाटीवर नांव असतें. पंच पैसे मोजतात ते त्या नांवावर भरंवसा ठेवून.

एका फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही ह्या राहुट्यांमधून हिंडत होतों. आंबेगांव तालुक्यांतील एका गांवचे चार पंच आमच्या पुढेंच चालले होते. दोन पाट्यांवर गांवाचें नांव एकच, शेवटचे शब्द तेच, आणि व्यक्तीच्या नांवांतहि अर्धें साम्य. चौघांपैकीं तिघे गोंधळून उभे राहिले. चौथा वृद्ध होता. त्यानें पाटी वाचण्याचा खटाटोप केलाच नाहीं; आंत जाऊन, ढोलकीवर कोण बसतो आणि सोंगाड्याचें काम कोण करतो, एवढेंच त्यानें विचारलें. उत्तर ऐकून तो बाहेर आला आणि सोबत्यांस घेऊन दुसऱ्या राहुटींत शिरला. त्या वृद्धाच्या प्रश्नांत जो विवेक होता, तो पुढें कायद्याचे ग्रंथ चाळतांना आम्हांस वारंवार आठवला. सारख्या नांवाचे दोन कलासंघ उभे राहिले, तर नांव कोणाचें, हाच येथील खरा वाद आहे.

फडाच्या नांवाची घडण आधीं पाहूं. प्रथम एका किंवा दोन व्यक्तींचें नांव येतें. मागून गांवाचें नांव येतें, 'कर' हा प्रत्यय लावून. मध्यें पुष्कळदां 'सह' हा शब्द असतो आणि त्याच्यापुढें दुसऱ्या कलावंताचें नांव. शेवटीं 'लोकनाट्य तमाशा मंडळ' हे शब्द. ह्यांतील शेवटचे शब्द सर्वांचेच असल्यामुळें ओळखीच्या कामीं निरुपयोगी होत. गांवाचें नांव त्या गांवाशीं संबंध असलेल्या कोणासहि लावतां येतें. उरलें व्यक्तीचें नांव. परंतु कर्ता कलावंत निवर्तला, कीं त्याची मुलें, नातवंडें, भाऊबंद, सारींच त्या नांवाचीं वारस. म्हणजे फडाची सारी पत ज्या धाग्यावर लोंबते, तो धागा दर पिढीस उसवत जातो.

आपल्या शाहिरांस ह्या संकटाची जाणीव फार पूर्वींच झाली होती. पेशवाईच्या उत्तरकाळांतील लावणीच्या शेवटच्या कडव्यांत कवि आपलें नांव गुंफी. हीच त्याची छाप किंवा नाममुद्रा. रामजोशी, प्रभाकर, सगनभाऊ, शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी, ह्या सर्वांच्या रचना आज आपण ओळखतों त्या बहुधा ह्या मुद्रेवरून. होनाजी बाळाचें उदाहरण तर आपल्या विषयास फारच जवळचें आहे. होनाजी शिलारखाने हा रचणारा आणि बाळा करंजकर हा गाणारा. दोघांचीं नांवें अशीं जुळलीं, कीं पुढील पिढ्यांस तें एकाच माणसाचें नांव वाटलें! येथें नाममुद्रा एका कवीची राहिली नाहीं, ती फडाची झाली. अर्थात् मुद्रा होती म्हणून चोरी थांबली असें नव्हे. गाणारा शेवटचें कडवें फिरवून दुसरें नांव घालूं शके, आणि एकाची लावणी दुसऱ्याच्या नांवावर गेल्याचीं उदाहरणें निवडतांना संशोधकांस पुष्कळ कष्ट पडले आहेत. परंतु रचना ज्याची नांव त्याचें, हा न्याय सर्वांस मान्य होता; तो मान्य होता म्हणूनच तो चुकविण्यासाठीं खटपट करावी लागे.

आतां नारायणगांवचेंच घराणें घ्या. ह्या फडाचा पाया नारायण खुडे ह्यांनीं घातला. त्यांचें मूळ गांव शिरूर तालुक्यांतील कवठे यमाई. त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू ह्यांनीं 'भाऊ-बापू मांग नारायणगांवकर' हें नांव महाराष्ट्रभर नेलें. भाऊंची कन्या विठाबाई. त्यांचा जन्म १९३५ चा आणि मृत्यु २००२ चा. १९५७ व १९९० ह्या दोन सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनानें तमाशा-कलावंतांसाठीं त्यांच्या नांवानें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ह्या नांवांतील दोन शब्दांकडे वाचकांनीं अवश्य लक्ष द्यावें. 'नारायणगांवकर' हें ह्या घराण्याचें जन्मगांवावरून आलेलें आडनांव नव्हे. तें कर्मभूमीनें दिलेलें आहे. आणि 'मांग' हा शब्द! ज्या शब्दानें समाजानें ह्या माणसांस गांवाच्या वेशीबाहेर ठेवलें, तोच शब्द त्यांनीं लपविला नाहीं. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिला, आणि त्याच शब्दाच्या नांवें गांवचे पंच सुपारी घेऊन दारीं आले. जमीन नाहीं, वतन नाहीं, वाडा नाहीं, अशा कलावंतानें मिळविलेली एकमेव इस्टेट म्हणजे हें नांव. तें दुसऱ्या कोणीं उचललें, तर त्याचें केवळ मन दुखावतें असें नव्हे. त्याची पुढच्या वर्षाची भाकरी जाते.

विठाबाईंच्या कन्यांपैकीं मंगला बनसोडे ह्यांनीं जो फड उभारला, तो आपल्या स्वतःच्या नांवानें, 'करवडीकर' असें सासरचें गांव लावून. आईची पुण्याई पाठीशीं असतां ओळख वेगळी ठेविली. दुसरा मार्ग 'सह' ह्या शब्दाचा. तुकाराम खेडकर ह्यांच्याबरोबर कांताबाई सातारकर काम करीत. खेडकरांच्या पश्चात् कांताबाईंनीं स्वतःचा फड घडविला, आणि पुत्र कर्ता झाल्यावर तोच 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. दोन अक्षरांच्या ह्या 'सह'मध्यें पित्याचें आडनांव, मातेची कीर्ति आणि पुत्राचा अधिकार हीं तिन्ही सुखानें नांदलीं. तिसरा मार्ग कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे ह्या जुळ्या भावांचा. त्यांच्या घरचा फड पूर्वीं शिवा-संभा कवलापूरकर ह्या नांवानें चाले. पुढें 'जहरी प्याला' ह्या वगांतील ह्या भावांच्या भूमिका इतक्या गाजल्या, कीं काळू-बाळू हीं त्या पात्रांचींच नांवें त्यांस आणि फडास कायमचीं चिकटलीं. सोंगाचें नांव माणसास मिळालें आणि माणसाचें फडास मिळालें.

हाच प्रकार संगीत रंगभूमीवर 'गंधर्व' ह्या पदवीच्या बाबतींत घडलेला आपण सर्व जाणतों. नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले. पुढें रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व, सौदागर गोरे छोटा गंधर्व आणि शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाले. गंधर्व शब्द सर्वांचा. भेद दाखविला तो मागच्या विशेषणानें, आणि एकास दुसरा समजून कोणी रसिक फसला नाहीं. ह्या उदाहरणांवरून आमचा असा ग्रह झाला आहे, कीं महाराष्ट्रीय कलावंतांनीं नांवाची अडचण बहुधा शब्द हिरावून घेऊन नव्हे, तर शब्द जोडून सोडविली. 'हें नांव तूं लावूं नकोस' असें म्हणण्यापेक्षां 'मी कोण तें अधिक स्पष्ट सांगतों' असें म्हणणें त्यांस सोयीचें वाटलें.

परंतु संघ फुटतो तेव्हां काय? येथें नाटक मंडळ्यांचा इतिहास उपयोगी पडतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यांत 'शाकुंतला'चा प्रयोग करून जी मंडळी उभारली, ती १८८५ सालीं ते निवर्तल्यावरहि त्यांच्याच नांवानें चालली. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तींतून बाहेर पडले. त्यांनीं काढलेल्या संस्थेचें नांव गंधर्व नाटक मंडळी. १९१८ सालीं मास्टर दीनानाथ बाहेर पडले. त्यांच्या संस्थेचें नांव बलवंत संगीत मंडळी. निघणाऱ्यांनीं किर्लोस्करांचें नांव बरोबर नेलें नाहीं. नांव मागें राहिलें आणि गळा पुढें गेला. ह्यांत मोठा व्यवहारधर्म आहे. संस्थेची पत संस्थेपाशीं आणि व्यक्तीची पत व्यक्तीपाशीं. कोणाकडे जावयाचें तें प्रेक्षक ठरवील.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा, म्हणजे ज्यास आपण ट्रेडमार्क म्हणतों त्याचा, हिंदुस्थानांतील पहिला स्वतंत्र कायदा १९४० चा. नंतर १९५८ चा आला. हे दोन्ही कायदे मालाचा विचार करणारे होते. साबण, कापड, औषध ह्यांच्या खुणा त्यांत नोंदल्या जात. गाणें-नाचणें हा माल नव्हे, ती सेवा आहे. आणि सेवेच्या नांवाची नोंदणी शक्य झाली ती १९९९ च्या कायद्यानें, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. करमणुकीचा समावेश ४१ व्या वर्गांत होतो. म्हणजे भाऊ-बापूंपासून विठाबाईंपर्यंत साऱ्यांची हयात गेली, तोंवर फडाच्या नांवास नोंदणीचें छत्र नव्हतेंच. नोंदणीवांचूनहि दाद मागण्याचा एक मार्ग होता व आहे. आपली सेवा दुसऱ्याची म्हणून लोकांच्या गळ्यांत बांधणाऱ्यास न्यायालय मनाई करूं शकतें. मात्र फिर्यादीनें तीन गोष्टी दाखवावयाच्या असतात : आपल्या नांवाचा लौकिक आहे, प्रतिपक्षाच्या वर्तनानें लोकांची दिशाभूल होते, आणि तींतून आपली हानि होते.

१९९९ च्या कायद्याचीं तीन कलमें फडाच्या नांवाशीं जणूं मुद्दाम भिडविलीं आहेत. ९ व्या कलमान्वयें केवळ स्थळ दाखविणारा शब्द नोंदतां येत नाहीं. दीर्घ वापरानें त्यास स्वतंत्र ओळख आली असेल तरच गोष्ट निराळी. म्हणजे नुसत्या 'नारायणगांवकर' ह्या शब्दावर मक्तेदारी सांगणें सोपें नाहीं. १४ व्या कलमान्वयें, हयात व्यक्तीशीं किंवा अर्जापूर्वीं २० वर्षांच्या आंत निवर्तलेल्या व्यक्तीशीं खोटा संबंध सुचविणारें नांव नोंदणीस आलें, तर त्या व्यक्तीची वा तिच्या वारसांची लेखी संमति अधिकारी मागूं शकतो. २० वर्षें उलटलीं, कीं हें कुंपण गळून पडतें. तिसरें ३५ वें कलम. कोणी मनुष्य आपलें स्वतःचें नांव, आपल्या धंद्याच्या ठिकाणाचें नांव, किंवा धंद्यांतील आपल्या पूर्वाधिकाऱ्याचें नांव प्रामाणिकपणें लावीत असेल, तर नोंदणी केलेल्या मालकासहि त्यास अडवितां येत नाहीं. कोणाहि कलावंताच्या चार नातवंडांनीं आजोबांचें नांव लावून चार फड काढले, तर चौघेहि ह्या कलमाच्या आश्रयास धांवतील. सारा प्रश्न 'प्रामाणिकपणें' ह्या एका शब्दापाशीं येऊन थांबतो, आणि तो शब्द कागदावर मोजतां येत नाहीं.

परदेशांत हे खटले मोठ्या संख्येनें होतात. त्यांपैकीं दोन आम्हांस बोधप्रद वाटतात. इंग्लंडांत 'सॅक्सन' नांवाचा एक वाद्यवृंद होता. त्यांतून बाहेर पडलेल्या दोन वादकांनीं तें नांव आपल्या नांवें नोंदविलें. २००३ सालीं न्यायमूर्ति लॅडी ह्यांनीं ती नोंदणी अवैध ठरविली. नांव आणि लौकिक हीं एकेका वादकाच्या मालकीचीं नसून सर्वांच्या भागीदारीचीं असतात, आणि जाणारा त्यांचा तुकडा तोडून नेऊं शकत नाहीं, असा त्यांच्या निकालाचा आशय. आरंभींच लेखी करार झाला असता, तर हें भांडणच उद्भवलें नसतें, असेंहि त्यांनीं सुचविलें. दुसरा खटला २००२ चा. 'लिबर्टी' नांवाचा एक जुना, परंतु अल्पज्ञात वाद्यवृंद असतांना त्याच नांवाचा नवा वृंद दूरचित्रवाणीच्या बळावर एकाएकीं प्रसिद्धीस आला. न्यायालयानें लहानाची बाजू उचलून धरली, आणि नव्या वृंदास आपल्या नांवापुढें एक अक्षर जोडून 'लिबर्टी एक्स' व्हावें लागलें. शेवटीं साहेबाच्या देशांतहि तोड निघाली ती आपल्या गंधर्वांसारखीच, नांवांत भर घालून! अमेरिकेंत अनेक राज्यांनीं ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत निराळाच कायदा केला. जुन्या गायकसंघाचें नांव लावून कार्यक्रम करावयाचा, तर मूळ ध्वनिमुद्रणांतील निदान एक सभासद त्यांत हवा. नाहीं तर नांवाच्या नोंदणीचा हक्क हवा, किंवा हा केवळ गौरवपर कार्यक्रम असल्याचें जाहिरातींत उघड सांगितलें पाहिजे.

ह्या अमेरिकन नियमांत आम्हांस राहुटींतला तो वृद्ध भेटतो. त्याचा प्रश्न मालकीचा नव्हताच. आपल्या जत्रेंत कोण येणार, हें त्यास जाणावयाचें होतें. फडांत पन्नास-शंभर माणसें राबतात. ढोलकीवाला, तुणतुणेंवाला, सुरत्ये, नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, हीं सारीं मिळून पाटीवरचें नांव मोठें करतात. आणि त्यांतील बहुतेकांचें नांव पाटीवर कधींच येत नाहीं. वारसांत वाद झाला, कीं कायदा मालक शोधीत बसतो. त्या वेळीं ह्या माणसांनीं कोणत्या बाजूस उभें राहावें? आणि ज्या गांवानें वर्गणी गोळा करून सुपारी दिली, त्यानें आपली फसगत कोणापुढें मांडावी? चैत्रांतली तिथि टळली, कीं जत्रा परत भरवितां येत नाहीं.

म्हणून आम्हांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. फडमालकांनीं आपल्या हयातींतच, नांव पुढें कोणीं व कोणत्या जोडशब्दासह लावावें, तें लिहून ठेवावें. न्यायमूर्तींनीं इंग्रज वादकांस जें उशिरां सांगितलें, तें आपण आधींच करावें. दुसरी गोष्ट, नारायणगांवीं राहुट्या लागतात तेव्हां सर्व फडांनीं मिळून एक वही ठेवावी. तींत फडाचें पूर्ण नांव, त्याची परंपरा आणि त्या हंगामांतील प्रमुख कलावंतांचीं नांवें असावींत, व ती पंचांस पाहावयास मिळावी. ह्यास सरकार नको, वकीलहि नको. प्राचीन श्रेणींनीं जी पत राखली, ती अशाच परस्परांच्या साक्षीनें राखली असेल.

आंबेगांव तालुक्यास ज्या गांवानें नांव दिलें, तें मूळ आंबेगांव घोड नदीवरील डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुका मात्र अद्याप त्याच नांवानें ओळखला जातो, आणि तेथून उठलेला मनुष्य आपणांस आंबेगांवकर म्हणवितो, तेव्हां त्यास कोणी खोटें म्हणत नाहीं. कारण तो त्या गांवाची आठवण वाहतो. पूर्वजाचें नांव लावणाऱ्या फडासहि हीच कसोटी लावावी. नाणेघाटांत मूर्ति गेल्या आणि नांवें राहिलीं. दगडास तें शोभतें. फडाच्या पाटीवर नांव असेल, तर त्याखालीं ढोलकीवर थाप पडली पाहिजे.